आमच्या खळ्यावरचा संशय

प्रिय मार्यांथी आत्यास,

कालिरोईचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का आणि थेसालोनिकीच्या दमट हवेत झोप लागते का, ते आधी कळव. इथे आई, बाबा आणि बकऱ्या यांच्या तब्येती उत्तम आहेत. मनं मात्र बिघडली आहेत, आणि त्याला कारण मी आहे असं सगळे म्हणतात (बकऱ्या सोडून).

तुला ठाऊकच आहे की खळ्याच्या वरच्या उतारावर बाबांना अर्गिरिसदादासाठी घर बांधायचं आहे. नऊ वर्षं तो श्टुटगार्टला आहे. घर झालं तर बायकोला घेऊन कायमचा परत येईन म्हणालाय. वहिनीने फरशीचा रंगसुद्धा निवडलाय. मी पदवी घेऊन जूनमध्ये आले तेव्हा पाया खणायचा होता. पण बाबा खणेनात. उलट जिथे खणायचं तिथे त्यांनी शेणखत आणून पसरलं. घराच्या जागेला कोणी खत घालतं का? मला तिथेच वास आला (शेणाचा वेगळा). मग मी बकऱ्यांच्या गोठ्यात गेले. आई जिच्यावर बसून धार काढते ती दगडी खुर्ची मी जन्मापासून पाहते आहे. पण चार वर्षं प्राचीन रंगभूमी शिकून आल्यावर पाहिली तर घाम फुटला. संगमरवर, मागे पाठ, पायांना सिंहाचे पंजे. नाट्यगृहात पहिल्या रांगेत पुजाऱ्यासाठी ठेवत, ती ही. आईला विचारलं, ही आली कुठून? "लग्नात आली," आई म्हणाली आणि धार काढत राहिली. (तू लग्नाला होतीस. आहेरात खुर्ची होती का?)

गावाला माझा संशय आहे. जमिनीत जुना दगड निघाला की पुरातत्त्व खात्याला कळवावं लागतं. मग खातं येतं, लाल-पांढरी फीत बांधतं आणि जातं. वरच्या आळीत एका तळघराला फीत बांधून अकरा वर्षं झाली. फीत दोनदा बदलली, तळघर तसंच आहे. म्हणून इथे दगड दिसला की लोक आधी त्यावर माती टाकतात आणि मग छातीवर क्रूसाची खूण करतात. मी कॉफीच्या दुकानात शिरले की बोलणं थांबतं. तेव्हा मी ठरवलं, लोकांना विश्वासात घ्यायचं. रविवारी चर्चनंतर दुकानात उभी राहून सांगितलं, की नाटक काही राजवाड्यात जन्मलं नाही. आपल्यासारख्याच द्राक्षं तुडवणाऱ्या माणसांनी द्योनिसोस देवासाठी फेर धरून गाणी म्हटली, कदाचित अशाच एखाद्या खळ्यावर (सगळ्या विद्वानांना हे मान्य नाही, तेही मी सांगितलं). मग एक जण फेरातून बाहेर येऊन बाकीच्यांना उत्तरं द्यायला लागला. "असा एक प्रत्येक घरात असतो," दुकानदार स्ताथिस बाबांकडे बघत म्हणाला. पुढे दुसरा नट आला, तिसरा आला, मुखवटे आले, लाकडी बाकांच्या जागी दगडी पायऱ्या आल्या. मग रोमन लोकांनी गाणाऱ्यांचं वर्तुळ अर्धं कापलं आणि तिथे बड्या लोकांच्या खुर्च्या मांडल्या. "म्हणजे पुढारी तेव्हाही पुढेच," स्ताथिस म्हणाला. सगळे हसले. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात बाबांनी फार सहज विचारलं, "आणि या पायऱ्या साधारण किती खोलवर सापडतात?" माझं उत्तर त्यांनी सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतलं. सोमवारी आणखी दोन ट्रॉल्या खत आलं.

आता मंगळवारचं ऐक. दुपारी गाव जेवून झोपलं तेव्हा मी खळ्याच्या मधोमध, तिवड्याच्या खांबापाशी उभी राहिले. उताराखाली खरंच नाट्यगृह असेल तर मध्ये पुटपुटलेलं वरच्या पायरीपर्यंत पोचायला हवं. ऐकायला कुणीच नव्हतं हे खरं, पण शास्त्रीय प्रयोग म्हणून काहीतरी वाचायचं होतं. हातात खात्याला लिहिलेल्या अर्जाचा मसुदा होता, तोच हळू आवाजात वाचला. उतार, खुर्ची, खत, बाबांचं संपूर्ण नाव. "आपली विश्वासू" म्हणून होतंय तोच वरून कुणीतरी खाकरलं. ओकच्या झाडांमागे बाबा, स्ताथिस आणि आपले पाद्रीबाबा माझ्यावर पाळत ठेवून बसले होते. "'ताबडतोब' दोनदा आलंय, पोरी," स्ताथिस साध्या आवाजात म्हणाला, आणि तो मला कानाशी बोलल्यासारखा ऐकू आला. आत्या, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा शोध असा लागला. आनंद व्यक्त करायला जवळ कुणी नव्हतं.

तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत; मी दिसले की ट्रॅक्टरची किल्ली खिशात टाकतात. लपवलं तर मी शिकले कशाला? आणि कळवलं तर दादा राहणार कुठे? मी अजून काहीच ठरवलेलं नाही. सगळ्यांशी शांतपणे बोलून, घाई न करता काय ते करीन.

तुझी,
कालिरोई

ता. क. वर "अजून काहीच ठरवलेलं नाही" असं लिहिलंय, ते खरं नाही. अर्ज मी बुधवारीच पाठवला. खात्याची जीप पुढच्या शुक्रवारी येणार आहे. गुरुवारच्या बसने मी तुझ्याकडे येऊ का? जिना मी झाडत जाईन. किती दिवस राहीन ते बाबांवर अवलंबून आहे.

आणखी एक. हे पत्र टपालात टाकायला बाबाच खाली चाललेत. मी न विचारताच, मंगळवारनंतर पहिल्यांदा तोंड उघडून, "आण इकडे" म्हणाले, म्हणून डिंक दोनदा लावणार आहे. पाकीट उघडल्यासारखं वाटलं तर कळव.

मार्यांथी, मी लाम्ब्रोस. डिंक ओलाच होता. पोरीला ठेवून घेऊ नकोस. अर्गिरिसला फोन केला, अक्रोडाची झाडं आहेत त्या जमिनीत घर बांधू म्हटलं. कुरकुरला, पण येतो म्हणाला. शुक्रवारी कालिरोई मला इथे हवी. जीपमधून उतरणाऱ्या त्या लोकांशी बोलायला आमच्या घरात दुसरं आहे कोण?