पान कोरं ठेवायचं नाही

सोमवार, ४ मार्च

नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क खुशीत आहे. टेबल स्वच्छ, खुर्ची गोल फिरणारी, कॉम्प्युटर नवा. बाहेरच्या काचेच्या दारासमोर नुसतं उभं राहिलं की ते आपोआप सरकतं. सकाळी मी उगाचच दोनदा आत-बाहेर केलं. बाइंडरकाका बघून हसले, मग मीही हसले.

इथे करारनामे, मृत्युपत्रं, खरेदीखतं तयार होतात. मी टाइप करायचं, काकांनी दाबून-शिवून बांधायचं, साहेबांनी सही करून शिक्का मारायचा. एवढी तीनच माणसं. साहेब अगदी मऊ बोलणारे आहेत. आमच्याकडचं कुणी काम सोडून जात नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मला बरं वाटलं. आधीच्या नोकरीत दर महिन्याला कुणाचा तरी निरोप समारंभ असायचा.

रोजनिशी इथेच, फावल्या वेळात टाइप करणार आहे. हाताने लिहिलं तर माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही. नवी फाइल उघडली की मजकुराच्या मागे एक अगदी फिकट वॉटरमार्क आपोआप येतो. नीट निरखलं तर बाईचा चेहरा आहे, पण आता हनुवटी आणि एक कान एवढंच दिसतं.

परीक्षा संपली की माझी लेक खारू इथे माझ्या खोलीवर राहायला येणार. तोवर ती ताईकडे आहे. गालात खाऊ भरून ठेवते म्हणून तिला आम्ही खारू म्हणतो. शाळेतलं नाव फक्त शाळेलाच ठाऊक. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिच्यासाठी खिडकीकडचा पलंग ठेवलाय.

बुधवार, ६ मार्च

साहेबांनी आज वॉटरमार्क बदलायचं काम सांगितलं. ते त्याला जलचिन्ह म्हणतात, आणि इतक्या आदराने म्हणतात की मला हसू आवरेना. इथला रिवाज असा की टाइप करणाऱ्याचा चेहरा मागे घालायचा. म्हणे, नक्कल करणारा अक्षरं उचलेल, माणूस कुठून उचलणार? माझा फोटो काढायला शुक्रवारी फोटोवाला येईल. एक गोष्ट मात्र त्यांनी बजावली: जुना चेहरा काढला की लगेच नवा घालायचा, पान कोरं ठेवायचं नाही.

चित्र मजकुराच्या मागे कसं घालायचं हे मला खारूनेच शिकवलंय. माझ्या वाढदिवसाला तिने असंच भेटकार्ड केलं होतं, मागे आमच्या दोघींचा फिकट फोटो. मेनू उघड, वॉटरमार्कवर जा, चित्र निवड, फिकटवर टिक कर. शिकवताना मास्तरीणबाईंसारखी माझ्या हातावर चापटी मारत होती.

म्हणून मग म्हटलं, सराव तर करून बघू. मोबाइलमधला खारूचा फोटो घेतला आणि घातला. काय गोड दिसली! फाइल बंद करताना कॉम्प्युटरने विचारलं, बदल जपून ठेवू का? सवयीने हो म्हटलं. नंतर लक्षात आलं की ती मूळ फाइल होती, जिच्यातून इथली सगळी पानं निघतात. आता शुक्रवारपर्यंत प्रत्येक करारनाम्यामागे माझी लेक हसणार. साहेबांच्या लक्षात येऊ नये म्हणजे झालं.

शुक्रवार, ८ मार्च

फोटोवाला येऊन गेला. फोटो सोमवारी मिळेल.

आज काकांच्या हातात छापलेली पानं पडली आणि त्यांचा चेहरा उतरला. हे कुणाचं पोर, विचारलं. माझं म्हटल्यावर ते खाली बसले. आजच्या आज हिला काढा, म्हणाले. कारण विचारलं तर सुई-दोरा घेऊन आत निघून गेले. म्हातारा जरा विक्षिप्त आहे.

संध्याकाळी ताईचा फोन आला. खारूला ताप नाही, खोकला नाही, पण रंग उतरलाय. जेवत नाही. परीक्षेचं टेन्शन असेल, असं मीच ताईला समजावलं. पण मन काही थाऱ्यावर नाही.

सोमवार, ११ मार्च

ताई चिडलेली. खारू पहिल्या बाकावर बसलेली असताना बाईंनी तिची गैरहजेरी लावली. खारूने हात वर केला, ओरडली, तरी बाई तिच्या डोक्यावरून पुढचं नाव घेत गेल्या. ताई शाळेत भांडून आली. भांडता भांडता तिलाही एकदा वाटलं म्हणे, की आपण एकटीच आलोय.

फोटोवाल्याने फोटो उद्यावर ढकलला. पण काकांचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. मी मूळ फाइल उघडून खारूचं चित्र काढून टाकलं. पान पांढरंशुभ्र झालं. एक दिवस कोरं राहिलं तर काय बिघडतंय! जीव भांड्यात पडला.

मंगळवार, १२ मार्च

ती परत आली आहे.

सकाळी फाइल उघडली तर मागे खारू. पुन्हा काढली. हे चित्र पानाच्या वरच्या पट्टीत अडकलेलं असतं, तिथूनही काढली. फाइलच्या एका भागातून काढली की दुसऱ्यात दिसते. हसत नाही आता. फोटोत ती हसत होती.

काकांना दारातच अडवलं. मग ते बोलले. माझ्या आधी टाइप करणारी बाई पण अशीच खुशीत आली होती. छापलेल्या प्रत्येक पानागणिक ती थोडी थोडी फिकट होत गेली. शेवटी कागदावर दिसत होती तेवढीच, हनुवटी आणि एक कान, ती उरली होती, आणि मी ते काढल्यावर तेही गेलं. पान कोरं राहिलं की ज्या चेहऱ्याची त्याला चव लागलीय आणि जो अजून शिल्लक आहे, त्याला ते परत ओढतं. सोडवायचा मार्ग एकच. तिच्या जागी दुसरं कुणीतरी.

मी काकांना म्हटलं, हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, "बाई, तुम्ही बसला नसता तर त्या खुर्चीत साहेबांनी मला बसवलं असतं."

मला त्यांचा संताप आला. अजूनही येतोय.

गुरुवार, १४ मार्च

साहेबांकडे गेले. रडले. पाया पडले. नोकरी सोडते म्हटलं. खुशाल सोडा, म्हणाले, चित्र काय, राहीलच. मग मऊ आवाजात, तुमचा फोटो आलाय.

फाइल पुसली. पुन्हा आली. कॉम्प्युटरची वायर उपटली, तर काकांच्या कपाटातल्या कोऱ्या कागदांवर खारू. फाडले. प्रत्येक तुकड्यावर अख्खी खारू.

ताईचा फोन. खारू झोपली आहे आणि तिच्या हातातून चादरीवरची फुलं दिसतात.

शुक्रवार, १५ मार्च

मेनू. वॉटरमार्क. चित्र निवडा. माझा फोटो. फिकटवर टिक. जपून ठेवू का — हो.

तिच्या चापटीची आठवण झाली फक्त.

संध्याकाळी ताईने फोन खारूकडे दिला. ती म्हणाली, "आई, भूक लागलीये, मावशी किती वेळ लावते बघ ना!" गालात काहीतरी भरून बोलत होती. मी हसले, रडले, दोन्ही केलं. इतका आनंद मला तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच झाला. निघते आता. पहिल्या गाडीने तिच्याकडे जाते, मग पुढचं पुढे.

शुक्रवारच, नंतर

दार सरकत नाही.

समोर उभी राहिले. हात हलवले. उड्या मारल्या. काचेवर मुठी आपटल्या, आवाज नाही. साहेब घरी जायला निघाले, त्यांच्यासाठी दार सरकलं. मी त्यांच्या मागोमाग धावले आणि उंबऱ्यापाशी — कसं सांगू — कुणीतरी कागद ओढून घ्यावा तशी मागे आले. टेबलापाशी.

सोमवार, १८

साहेबांनी माझ्या खुर्चीवर फायलींचा गठ्ठा ठेवला. मी खुर्चीत होते.

ताईला फोन लावला. हॅलो, हॅलो, कोण बोलतंय — तेवढंच. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. तिने ठेवून दिला.

बोटांतून कळफलकावरची अक्षरं दिसतात. काका माझ्याकडे बघत नाहीत. मुद्दाम की —

बुधवार?

छापतात. पान निघालं की अंगातून काहीतरी सुटतं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं होतं.

भिंती पांढऱ्या. टेबल कुठे गेलं? खिडकी —

तारीख नाही

इथून अक्षरं उलटी दिसतात. कुणाचं तरी खरेदीखत माझ्या तोंडावरून चाललंय. ओळ आली की श्वास अडतो. परिच्छेद संपला की थोडी फट. तिथून बाहेरचं दिसतं. तिथेच मी हे लिहिते, ओळींच्या मध्ये.

खारूला काही कळता कामा नये. ती सुखरूप आहे. तेवढं पुरे. तेवढं —

पुन्हा

ती आलीये!

फटीतून दिसतेय. ताई साहेबांशी भांडतेय. साहेब मऊ आवाजात सांगतायत की बाई न सांगता काम सोडून गेल्या. खारूचे गाल. कसे भरलेत! रंग परत आलाय. खारू, बघू नकोस. बाहेर जा.

माझ्या खुर्चीत बसली. फिरली एकदा गोल. थांबली.

बघतेय. माझ्याकडेच. बोट लावलं पडद्यावर, माझ्या कपाळावर. ओठ हलले. आई म्हणाली.

माउस घेतला.

नको. नको बाळा. मीच शिकवून घेतलं होतं ना तुझ्याकडून — मेनू — तिला सगळं येतं, तिला सगळं — वॉटरमार्कवर गेली — काका, तिला अडवा, काका, एकदा तरी बघा इकडे —

खारू, मला काढू नकोस. पान कोरं ठेवायचं नाही. माझं आता काहीच शिल्लक नाही, शिल्लक आहेस ती तू, काढू नकोस, खारू, का