अकरा शिश्यांची दुरुस्ती

मी, डॉ. बद्रीनाथ किसनराव इंगोले, वय ७९, क्षयरोग संशोधक, राहणार युसूफ वडगाव, ता. केज, जि. बीड, आज पूर्ण शुद्धीवर आहे. ही ताजी बातमी माझ्या जुन्या विद्यार्थिनी डॉ. गौसिया शेख यांनी सकाळी साडेनऊला पक्की केली. नाडी पाहिली, रक्तदाब घेतला, सतराचा पाढा उलटा म्हणवून घेतला. तपासताना त्या स्वतःच दोनदा अडखळल्या, हेही नोंदवतो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. पुतण्या अर्जुनराव आठवडाभर रोज चहाला येतो आहे, पण त्याला दबाव म्हणता येणार नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द. अंमलबजावणी गौसियाने करावी.

१. घर अर्जुनरावला. मात्र रस्त्याकडची खोली क्षयरोग्यांच्या गोळ्यांसाठीच राहील. तिथे खताची पोती ठेवण्याचा ठराव त्याने सोसायटीचा चेअरमन म्हणून मी जिवंत असतानाच मंजूर करून घेतला आहे. विचारले तर म्हणाला, "काका, ठराव म्हंजे नुसता कागद हाय." हाही कागदच आहे, पण नोंदणीचा.

२. सूक्ष्मदर्शक गावच्या शाळेला. त्याचा डावा स्क्रू उलटा फिरतो. दुरुस्त करू नये, मुलांना सवय होईल.

३. सुवर्णपदक ज्यांनी दिले त्यांना परत. याचे कारण लांब आहे, पण ते सांगितल्याशिवाय सही करणार नाही.

सत्त्याऐंशीच्या दुष्काळात मी ऊसतोड्यांच्या एका टोळीतल्या अकरा रुग्णांना महिन्याच्या गोळ्या एकदम देऊन कारखान्यावर पाठवले. गोळी घेतली की लघवी लालसर होते. म्हणून दर महिन्याला अचानक जाऊन प्रत्येकाची शिशी भरून घ्यायचो. अकराच्या अकरा शिश्या रंगीत! फक्त रंग जरा फिकट होता. दुष्काळात शरीर औषध सावकाश बाहेर टाकत असावे, असे मी अनुमान काढले आणि माझ्या निबंधात त्यावर दीड पान लिहिले. निष्कर्ष असा, की देखरेखीशिवायही ऊसतोडे गोळ्या नियमित घेतात. पदक त्याचेच.

नऊ वर्षांनी त्या टोळीतल्या सारजाबाई सुनेला तपासायला घेऊन आल्या आणि सहज बोलून गेल्या, "डॉक्टर, त्या समद्या शिश्या माझ्याच व्हत्या."

गोळीने मळमळते, कोयता चालत नाही, म्हणून बाकी दहांनी गोळ्या टाकून दिल्या होत्या. मुकादम सुग्रीव म्हणाला होता, "डॉक्टरला लाल पायजे ना? देऊ लाल." माझी जीप दिसली की सगळे आपल्या वाट्याचे टँकरचे पाणी सारजाबाईंना पाजायचे. रंग फिकट का, ते तेव्हा कळले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा? तुमी शिशीकडं बघायचे. माणूस खोकत हाय का, ते न्हाई बघितलं."

त्या दहांपैकी दोघे पुढची दिवाळी पाहू शकले नाहीत. माझ्या वहीत त्यांच्यापुढे 'इतर कारण' लिहिले आहे. ते खोटे आहे.

त्यानंतर मी सुग्रीवलाच कामाला लावले. रोज पहाटे गूळ-चहाबरोबर गोळी स्वतःच्या हाताने द्यायची आणि गिळेपर्यंत हलायचे नाही. एकोणीस वर्षांत त्याने एकही डोस चुकवू दिला नाही. शिव्या देतो, पण गोळी देतो. निबंध मात्र मी मागे घेतला नाही. आधी निवृत्तीनंतर घेऊ म्हटले, मग निवृत्तीला बरीच वर्षे झाली म्हटले.

गेल्या आठवड्यात गौसियाने एका संस्थेची योजना आणून समोर ठेवली. या दसऱ्यानंतर सगळ्या टोळ्यांना महिन्याच्या गोळ्या एकदम देणार, देखरेख नाही. आधार, माझा निबंध.

"सर, आता तरी लिहा."

४. म्हणून निबंध मागे घेतल्याचे पत्र तो छापणाऱ्या नियतकालिकाला शनिवारी रजिस्टर पोस्टाने पाठवले. एक प्रत गौसियाने संस्थेला हातोहात पोचवली आहे. माझ्या पश्चात कोणी तो निबंध छापू अथवा दाखवू नये.

५. सारजाबाई आणि सुग्रीव यांना काही देत नाही. ते साक्षीदार आहेत.

संस्थेची बैठक बुधवारी आहे. गौसियाच्या मते योजना थांबेल, अर्जुनरावच्या मते नुसते चहापाणी होईल. काहीही ठरले तरी शुक्रवारी सुग्रीवची ट्रॉली माझ्या दारात थांबेल, आणि यंदाचे चौदा जण पहिली गोळी माझ्यासमोर घेतील. मी त्यांच्याकडे बघत उभा असेन.

(सही) बद्रीनाथ किसनराव इंगोले

साक्षीदार :
१. सारजाबाई (सही. अंगठा लावणार नाही म्हणाल्या)
२. सुग्रीव, मुकादम (सही)

युसूफ वडगाव, १९ ऑक्टोबर २०१५