पंधरा पावलांवरची दोन बोटे

धंतोली, नागपूर
४ ऑक्टोबर १९६८

चि. बाबनरावास रुपरावाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

गावाकडे निघालेल्या चंपतरावांसोबत रायफल पाठवली आहे. खंडेनवमीला दरवर्षीसारखी दुर्बीण उतरवूनच पूजा केली. वडिलांच्या वेळी ती नव्हती, म्हणून हळदकुंकू फक्त नळीला. दुर्बीण पुन्हा चढवून स्क्रू आवळले आहेत. पण ती नळीच्या रेषेत बसली की नाही, हे घरात कळत नाही. पडीत दोनशे पावलांवर फळी उभी करून आधी पाहा. डुकरे तुरीत शिरली तरी घाई नको. तुझी वहिनी म्हणते, शेंगा आल्या की भाऊजींची आठवण खरी मानू.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
रुपराव

पिंपळखुटी
२२ नोव्हेंबर १९६८

ती. भाऊंस बाबनचा शि. सा. न. वि. वि.

गोठ्याच्या भिंतीला कुंकवाचा टिळा लावून पंधरा पावलांवरून बार काढला. गोळी दोन बोटे उजवीकडे गेली. डुक्कर काही दोन बोटांचे नसते. तुम्ही काहून इतका घोर करता? आपला सालदार नत्थूजी तर हसून राहिला होता. म्हणे, मोठे मालक नैवेद्यसुद्धा आधी चाखून पाहतील. रविवारी डुकरे उठवायला हाका आहे. वडिलांच्या काळापासून हाक्याला पुढे तोच, या वेळीही तोच. शेंगा वहिनींना पोचतील.

आपल्या पायाशी जागा असू द्यावी.
बाबन

धंतोली
९ डिसेंबर १९६८

चि. बाबनरावास आशीर्वाद.

नत्थूजीच्या दहाव्याला चार लोकांत बोललो नाही. पंचनाम्यानंतर ठाण्यातून सुटलेली रायफल मी सोबत आणली, ती काल चांदमारीवर नेली. वाळूच्या पोत्यावर टेकवून बार काढले. पंधरा पावलांवर दोन बोटे उजवीकडे. दोनशे पावलांवर हातभर. त्याच्या पलीकडे, मोहाच्या झाडापर्यंत, आणखी. डुक्कर नाल्याकाठी होते आणि नत्थूजी त्याच्या मागे, उजव्या अंगाला, त्याच मोहाखाली. तिथे त्याला तूच उभे केले होतेस, आणि तो तिथेच पडला. मग तो जागा सोडून पुढे आला, असे तू पंचांना का सांगितलेस? भागीरथा नवऱ्याला गमावून बसली, वर गाव त्याच्याच अकलेला हसते. तिच्या दारी जा आणि खरे सांग.

रुपराव

पिंपळखुटी
१८ डिसेंबर १९६८

ती. भाऊंस सा. न.

पंचांनी लिहिले ते लिहिले. आता मी उलट बोललो तर गावात मले तोंड राहते काय? दुर्बीण उतरवली तुम्ही, चढवली तुम्ही. मग पाप एकट्या माझ्याच माथी काहून? तुम्ही गप्प राहिलात तर दोन्ही घरे सुखी राहतील.

मोठेपणा असू द्यावा.
बाबन

धंतोली
२ जानेवारी १९६९

चि. बाबन,

दुर्बीण मी उतरवली, हे खरे. तेच सांगायला परवा भागीरथाकडे येऊन गेलो. तुझ्या घराकडे पाय वळला नाही. ती रडली नाही. तिने एवढेच विचारले, की उभे केले होते तिथेच तो उभा होता ना. मी हो म्हटले. मग हे गावालाही सांगा, म्हणाली. मारुतीच्या पारावर सांगून आलो. पंच खाली पाहत होते.

रायफल ठाण्यात जमा केली. खंडेनवमीला वडिलांच्या पाटावर आता फक्त विळा राहील.

दसऱ्याला तू सोने घेऊन येशीलच. आधी ते भागीरथाच्या दारी ने. तिने हातात घेतले, तर मग माझ्याकडे ये.

रुपराव