उपळसरीचे औषध कोणीही पुढे चालवू नये

मी, आश्रुबा सटवा सानप, वय ७६, धंदा शेती, राहणार तालुका शिरूर कासार, जिल्हा बीड, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मनाने हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला. बायको जानकीबाई हयात असती तर तिने तो इतक्या सहज दिला नसता.

१. घर, अडीच एकर रान आणि विहिरीवरची मोटार मुलगा अंगद याला. भाऊ उत्तरेश्वर याने सरकवलेला बांध मी माफ केलेला नाही, पण अंगदने त्यावरून कोर्टात जाऊ नये.

२. साप चावलेल्यांना मी चाळीस वर्षे उपळसरीची मुळी उगाळून पाजली. एक रुपया घेतला नाही. लोक वडवणीहून येत. नात मनिषाने कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या मुळीचा अर्क तपासला. आधीच विषात मिसळला तर विष थोडे नरमते. विष टोचल्यावर दिला तर उंदीर मरतात. मी तिच्यावर खेकसलो. ती म्हणाली, "आजोबा, साप चावायच्या आधी औषध कोण घेतं? तुमच्याकडे वाचले त्यांना बिनविषारी धामण नाहीतर दिवड चावली असेल." महिनाभर मी तिच्याशी बोललो नाही, ते चुकले. माझी सहाण तिला द्यावी.

३. मनिषाच्या तपासणीआधीची गोष्ट. ऊसतोडीहून परतलेल्या बिभीषणला घोणस चावली. रीतीप्रमाणे मी त्याला लिंबाचा पाला चावायला दिला. गोड लागला तर विष चढले, कडू लागला तर नाही. त्याला कडू लागला. दारात जीप उभी होती. त्याची बायको केसरबाई म्हणाली, "बाबा, बीडला नेऊ का?" मी म्हणालो, "कडू लागतंय ना? मंग कावून नेता?" दोन तास बसवून ठेवले. तो गेला. विष चढले तरी लिंब कडूच लागतो, हे मनिषाने पुढे सांगितले. बिभीषण माझ्यामुळे गेला. आजवर हे मी कोणाला बोललो नाही.

४. अंगद, माझ्यामागे लोक तुझ्याकडे येतील. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर दुसरे काही कबूल करू नकोस. गावासमोर एवढेच बोल: "औषध देणार न्हाई, चावलेल्याला तडक दवाखान्यात नेईन." शिवला तरी बोल.

ठिकाण: शिरूर कासार
दिनांक: १५ जुलै २०२४
आश्रुबा सटवा सानप (सही)

साक्षीदार:
धोंडीराम आदिनाथ मिसाळ (सही)
केसरबाई बिभीषण खेडकर (अंगठा)

ता. क. केसरबाईंना कलम ३ मी स्वतः वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "ह्यांच्या तेराव्याला मी तुमच्या पाया पडलते, बाबा." एवढे बोलून त्यांनी अंगठा दिला.