कापलेला गंधार

आगरदांडा
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रणालीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा अजून कुरकुरतो, पण जेट्टीपर्यंत चालत जाऊन बांगडे घेऊन येते, म्हणजे काळजीचं कारण नाही. भात झोडून झालं. यंदा पेंढा चांगला निघाला. कुलदीपरावांना नमस्कार सांग.

तू फोन करतेस आणि मी तो आईकडे देतो, याचा राग धरू नकोस. घरात रेंज नसते. पत्रात माणूस मुद्देसूद लिहितो.

तर मुद्द्याचं. एक विचारतो, खरं सांग. तेजस्वी म्हात्रे नावाच्या मुलीला तू ओळखतेस का?

जूनपासून आमच्या शाळेत तासिकेवर आली आहे. पेणकडची. वडिलांचं मिठागर होतं म्हणे. हेडमास्तरांनी तिला माझ्या संगीताच्या तासाला मदतीला दिलं. तीस वर्षं मी मराठी शिकवता शिकवता गाण्याचे तास घेतले, तेव्हा कुणाला माझी दया आली नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरल्यावर आली. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

पहिल्याच दिवशी तिने फोन काढला, मुठीएवढा स्पीकर टेबलावर ठेवला आणि त्यातून तानपुरा सुरू केला. माझी पेटी कपाटात गेली. मग बांधकामावर उरलेले पाण्याचे पाइप आणले. करवतीने तुकडा कापायचा, वाजवायचा, फोनसमोर धरायचा. फोन सांगणार हा कुठला स्वर. काटा मधोमध येऊन हिरवा झाला की बरोबर, लाल झाला की आणखी कापा. मुलं त्या नळ्यांच्या तोंडावर रबरी स्लिपर मारतात आणि त्यातून सूर निघतो. ठेक्याला करवंट्या. आवाज गोड येतो, खोटं कशाला बोलू? पण सरस्वतीच्या तसबिरीसमोर चपलेने षड्ज वाजवायचा?

मी बोललो तसं. ती म्हणाली, "सर, स्लिपर नवीन आहे, कुणी पायात घातलेली नाही. साठ मुलं आणि एक पेटी. बाकीच्या एकोणसाठांनी नुसतं बघत बसायचं का?"

उत्तर तयारच असतं तिच्याकडे.

ऑगस्टमध्ये एके दिवशी मी सातवीला सरगम देत होतो. फोन टेबलावर चालूच राहिला होता. मी गंधार लावला आणि पुढच्या बाकावरची प्राप्ती ओरडली, "सर, लाल झाला! वर गेलाव तुम्ही!" वर्ग हसला. मी पुन्हा लावला. पुन्हा लाल. तेजस्वीने घाईघाईने फोन उलटा केला. तिची काही चूक नसती तर तिने फोन उलटा का केला असता? त्या फोनमध्ये पट्टी बदलण्याची सोय असते, हे मी नंतर दहावीच्या पोरांकडून काढून घेतलं.

तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवलेत. ती माझ्याशी बोलायला नेहमी डावीकडे येऊन उभी राहते. मोठ्याने, तोंडाकडे बघत बोलते, जसं म्हाताऱ्याशी बोलावं. एकदा विचारलं, "सर, कानाला काही त्रास होतो का?" मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या फोनचा त्रास बघा."

आणि गेल्या मंगळवारी स्टाफरूममध्ये तिचा फोन थरथरत माझ्यासमोर सरकला. त्यावर नाव होतं 'प्रणालीताई'.

जगात प्रणाली पुष्कळ असतील. म्हणून विचारतो.

चार जानेवारीला अलिबागला जिल्ह्याची समूहगीत स्पर्धा आहे. मुलं गाणार आणि साथीला त्या नळ्या. त्यातला गंधार आणि धैवत सरळसरळ उतरलेले आहेत. मी सांगितलं तर तिने फोन दाखवला. हिरवा. पत्रिकेवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव छापणार आहेत. भर सभेत मुलं बेसुरी झाली की नाव कुणाचं जाणार, हे न कळण्याइतका मी भोळा नाही.

गणपतीतल्या त्या संध्याकाळचं मी काही लिहीत नाही. तूही काढू नकोस.

उलट टपाली कळव.

तुझे बाबा


आगरदांडा
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय प्रणाली,

तुझं पत्र डिसेंबरात मिळालं. चारच ओळी. "तेजस्वीला ओळखते. अलिबागच्या गाण्याच्या क्लासमध्ये ती माझ्या मागच्या वर्षाला होती. तुम्हाला वाटतं तसं काही नाही. फोनवर बोला ना बाबा." मी ते आईला दाखवलं नाही. माझा संशय खरा ठरला, एवढंच मी त्यातून घेतलं. पोटच्या पोरीने आणि परक्या पोरीने मिळून मला घरी बसवायचं ठरवलंय, असं धरून चाललो.

आता जे लिहितो ते आईला ठाऊक आहे, हेडमास्तरांना ठाऊक आहे. तुला दुसऱ्याकडून कळू नये.

तीन तारखेला शेवटची तालीम झाली. मुलं डबे खायला गेली, तेजस्वी एसटीच्या परवानगीचं पत्र घ्यायला ऑफिसात गेली. नळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मी दार लोटलं आणि करवत घेतली. गंधार बोटभर कापला, धैवत त्याहून थोडा कमी. वाजवून पाहिले. बरोबर लागले. कापलेल्या चकत्या खिशात टाकल्या, पांढरा भुगा रुमालाने पुसला आणि नळ्या पोत्यात बांधून ठेवल्या. मी मुलांची अब्रू वाचवतोय, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी अलिबागला सभागृह भरलेलं. आमचा नंबर सहावा. मी पहिल्या रांगेत. तेजस्वीने फोनवर तानपुरा लावला, प्राप्तीने पहिली ओळ उचलली, नळ्या वाजल्या आणि प्रणाली, माझ्या अंगावर काटा आला. इतकं सुरेल मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले. वाटलं, बघा म्हणावं.

म्हणून मी वळून बघितलं.

मागच्या रांगांतली पोरं एकमेकांना कोपराने ढोसत हसत होती. एका बाईंनी तोंडाला पदर लावला होता. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं. मंचावर प्राप्ती गाता गाता थांबली आणि शेजारच्या मुलाच्या हातातल्या नळीकडे बघायला लागली. मग एकेक करून सगळेच थांबले. तेजस्वी विंगेत फोन कानाशी धरून ऐकत होती, हलवत होती, पुन्हा ऐकत होती.

त्या अख्ख्या सभागृहात ते एकट्या मलाच सुरात लागत होतं.

बाहेर आवारात हेडमास्तर तिला सगळ्यांसमोर बोलले. "मॅडम, हे खेळ आता बंद. सोमवारपासून गाण्याच्या तासाला यायची गरज नाही. बाकी तासांचंही बघतो." पोतं सोडून तिने गंधाराची नळी काढली, ताज्या कापावरून अंगठा फिरवला आणि परत बांधून ठेवली. माझ्याकडे बघितलं असतं तर मी तिथेच बोललो असतो, असं स्वतःला सांगतो. बोललो असतो की नाही, देव जाणे.

परतीच्या एसटीत तेजस्वी आणि प्राप्ती माझ्या डावीकडच्या बाकावर होत्या, म्हणून ऐकू आलं. प्राप्ती विचारत होती, "मॅडम, मी चुकली न्हाय ना?"

"नाही गं. तू बरोबर होतीस."

"मग आपलं असं कसं झालं?"

तेजस्वी खिडकीबाहेर बघत राहिली. तिला कळलं होतं. तरी तिने माझं नाव घेतलं नाही. मुरूड आलं, मुलं उतरली, आणि मी तसाच घरी आलो.

रविवारी जेवण गेलं नाही. आईने विचारलं तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या शाळेत लवकर जा."

सोमवारी घंटा व्हायच्या आधी हेडमास्तरांच्या टेबलावर त्या दोन चकत्या ठेवल्या. माझ्या उजव्या कानात एक स्वर पडतो आणि डाव्यात दुसरा, हे पहिल्यांदा कुणापुढे तरी मोठ्याने म्हणालो. मग तेजस्वीला शोधत गेलो. ती मागच्या व्हरांड्यात करवंट्या पिशवीत भरत होती. घरी न्यायला.

"तेजस्वी, त्या नळ्या मी कापल्या."

"माहितेय, सर."

"मग बोलली का नाहीस?"

"तासिकेवरची बाई मी. तुमची इथे तीस वर्षं झाली. माझं कोण ऐकणार होतं?" तिने आणखी एक करवंटी पिशवीत टाकली. "आणि ताईंना शब्द दिला होता."

तेव्हा तिने सांगितलं. नजर ठेवायला तूच सांगितलं होतंस, हे खरं. 'बाबांना उजव्या बाजूने गाडी आलेली कळत नाही, रस्त्याने त्यांच्या बरोबर चाल. बोलताना डावीकडे उभी राहा, समोर बघून बोल. पण त्यांना कळू देऊ नकोस, मानी आहेत.' एवढंच तुमचं कारस्थान. मी सहा महिने त्याचे धागे जुळवत बसलो होतो.

घरात रेंज चांगली आहे गं. फोनवर तू काय म्हणतेस ते मला कळत नाही. भलतंच उत्तर जाईल म्हणून मी फोन आईकडे देतो.

आणि गणपतीत आरतीनंतर भजन चाललं असताना, तुझ्या सासरच्या माणसांदेखत मी तुला म्हणालो होतो, "थांब, बेसूर गाऊ नकोस. लग्न करून गळा घालवलास." तू टाळ खाली ठेवून आत गेलीस. प्रणाली, तू सुरात होतीस. मीच नव्हतो.

हेडमास्तरांनी तेजस्वीचे तास परत दिले. मी माफी मागितली. तिने ती दिली असं म्हणणार नाही. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. गुरुवारी पाइपचा नवीन तुकडा घेऊन आली, खडूने खूण केली आणि करवत माझ्या हातात दिली. "इथे कापा, सर. स्वतः ऐकू नका." मी खुणेवर कापलं. फोन हिरवा झाला. मला तो स्वर उतरलेलाच लागला. मी मान्य केला.

शुक्रवारी वर्गाला सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. प्राप्ती मात्र डोळे पुसत बाहेर निघून गेली, आणि तास संपेपर्यंत आत आली नाही. तिला मी बोलावलं नाही. तिचा हक्कच आहे तो.

येत्या गुरुवारी अलिबागला कानाच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. आई येते म्हणते. मला तू यायला हवी आहेस. डॉक्टर बोलतील त्यातलं अर्धं मला ऐकू येणार नाही, आणि जे येईल त्यावर माझं मन शंका काढत बसेल. तू ऐक आणि मला कागदावर लिहून दे. तुझ्या हातचं असेल ते मी खरं मानीन.

वाट पाहणारा,
तुझा बाबा