वहिनीची रिंग आणि राजेळीचं लोंगर

आगाशी,
३ नोव्हेंबर २०२५

ती. हेमाताईस,
अनुजचा सा. न. वि. वि.

ताई, आधी कबूल करतो, खुशाली नंतर. मी वहिनीची एक वस्तू उचललीय. चोरली नाय, उचलली. ती आता विहिरीवरच्या मोटरीत आहे.

झालं असं, पाइपाचा जॉइंट गळत होता. न्हाणीच्या खिडकीत वाटीभर पाण्यात एक गोल रिंग पडलेली दिसली. रबरासारखी, पण मऊ. दाबली की वाकते, सोडली की परत गोल. मला वाटलं दादाने वायसर आणून ठेवलाय. ग्रीस लावून बसवला. आता एक थेंब गळत नाय! त्याच भानगडीत खिशातला फोन विहिरीत गेला, म्हणून हे पत्र.

आता खरी गंमत. वहिनी कालपासून काहीतरी शोधतेय. पलंगाखाली, बाळ्याच्या खेळण्यांत, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा. आईने विचारलं तर म्हणाली कानातलं हरवलंय. ताई, दोन्ही कानांत कानातली होती. नंतर पाय उशीवर टाकून पडून राहिली आणि आईचा पट्टा सुरू झाला, की आमच्या वेळी बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी बागेत होतो, आजकालच्या सुनांना हंडासुद्धा जड होतो.

आणि १६ तारखेला बाळ्याचा पहिला वाढदिवस. म्हणजे आपल्या घरची रीत, वहिनीने राजेळी केळ्यांचा अख्खा घड, आपलं लोंगर, डोक्यावर घेऊन देवळात जायचं. आईने झाड पण हेरून ठेवलंय, सगळ्यात भरलेलं. वहिनीने ते बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

ती रिंग कसली आहे ते तुला नक्की माहीत असणार. तुम्ही दोघी गणपतीत वसईला कुठे गेला होतात ते मी विसरलेलो नाय. घरी फोन करू नकोस, आई स्पीकरवरच बोलते. माझ्या दोस्ताच्या, पास्कलच्या गॅरेजच्या पत्त्यावर लिही. आणि हो, आईचा बागेत मोगऱ्याच्या कळ्या तोडताना बसायचा तेलाचा डबा मी लपवला होता, त्याबद्दल मार खाऊन झालाय.

माया पातळ करू नकोस,
तुझा अनुज

रत्नागिरी,
६ नोव्हेंबर

चि. अनुजला अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

गाढवा, ते वायसर नाही, औषध आहे. तू आता वीस वर्षांचा घोडा झालास म्हणून सरळ लिहिते, वाचून खिदळू नकोस.

बाळ्याच्या वेळी अक्षयाला फार त्रास झाला. त्यात कळा देऊन देऊन आतले स्नायू सैल पडले आणि तिचं अंग खाली उतरलं, म्हणजे पिशवी जागेवरून सरकली. उभं राहिलं की खाली काहीतरी लोंबतंय असं वाटतं, कंबर भरून येते, शिंकलं तरी पंचाईत. वय पंचवीस. आधी तिला वाटलं हे आपलंच काहीतरी घाण आहे. माझ्याकडे बोलली तेव्हा तासभर रडली. ती रिंग डॉक्टरने मापाने बसवलीय, आतून आधार द्यायला. काढून धुवायची आणि परत बसवायची. सोबत व्यायाम आहेत. वय लहान आहे, ऑपरेशनची आत्ता गरज नाही, पण जड उचलायचं नाही म्हणजे नाही. लोंगर तर विचारूच नकोस.

तुझ्या दादाला, स्वरूपला सगळं ठाऊक आहे, पण आईसमोर तो तोंड उघडेल तर शपथ. आईला सांगायला अक्षया तयार नाही. तिला भीती, की आई बायकांत बसून बोलेल आणि सून नासकी निघाली असं गावभर होईल.

आता ऐक. ती रिंग काढून, धुऊन परत ठेवायची हुशारी करू नकोस. ग्रीस लागलेली वस्तू शरीरात जात नाही. वहिनीसमोर कबूल हो आणि तिला वसईच्या डॉक्टरकडे ने. खड्ड्यांतून स्कूटर सावकाश.

रागावले असले तरी तुझीच,
हेमाताई

आगाशी,
१० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

खिदळलो नाय. उलट रात्रभर विचार करत होतो, की माणूस आतून कसा कशावर टांगलेला असतो हे शाळेत कोणी का सांगत नाय.

वहिनीला सांगितलं. आधी कपाळाला हात लावला, मग मोटरीचं ऐकून अशी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, भावोजी हसवू नका, सध्या मला हसणंपण परवडत नाही. मग वसईच्या डॉक्टरकडून नवीन रिंग आणली. येताना मी विचारत होतो आणि ती रस्त्याकडे बघत सांगत होती. म्हणाली, डोक्यावर ओझं घेताना खाली कापडाची चुंबळ करून ठेवतो ना, तशी ही आतली चुंबळ समजा. मला एकदम कळलं.

लोंगराचं पण ठरलं. केळीच्या खोडाच्या वाळलेल्या सोपटाचा पोकळ दांडा करतो, बाहेरून दिसतील तेवढ्याच फण्या दोऱ्याने बांधतो, मधे पाला कोंबतो, वर हिरवं पान. पास्कल मदतीला आहे. दिसेल भारी, वजन बाळ्याहून कमी. आईच्या बापाला कळणार नाय.

आशीर्वाद दे, यावेळी खरोखर लागणार आहे.
अनुज

रत्नागिरी,
१३ नोव्हेंबर

चि. अनुजला आ.

मूर्खा, डोकं चालवलंस, पण अर्धंच. लोंगर सुनेच्या डोक्यावर चढवतं कोण? सासू! दोन्ही हातांनी उचलून, सगळ्या बायकांसमोर. आईने आयुष्यभर लोंगरं उचललीत, तिला हात लावताक्षणी कळेल. हे पत्र वेळेत मिळू दे.

काळजीत,
हेमाताई

आगाशी,
१७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. काल मिळायला पाहिजे होतं.

अंगणात बायका जमलेल्या. दादा बाळ्याला घेऊन उभा. सुभद्राकाकी ओटीचं ताट घेऊन पुढे. आणि आई पदर खोचून लोंगराकडे निघाली तेव्हा मला आठवलं, चढवणार कोण.

आईने जोर लावून उचललं आणि तिचे हात भस्सकन वर गेले. ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मी कावळे मोजायला लागलो. वहिनी तर पांढरीफटक.

मग ताई, आईने काय केलं सांगू? गुडघे वाकवले, तोंड वेडंवाकडं केलं, आणि आई गं म्हणून कण्हली. काकी हात लावायला आली तर तिला दटावलं, की लांब राहा, हा मान सासूचा. वहिनीच्या डोक्यावर ठेवलं आणि देवळापर्यंत एक हात खालून लावून चालत राहिली, जणू वजन वाटून घेतेय. बायका म्हणत होत्या, सासू असावी तर अशी.

संध्याकाळी फण्या सोडवताना आईने विचारलं, हे कशासाठी. मी सांगून टाकलं. मला वाटलं आता फटका. ती म्हणाली ती रिंग दाखव. मोटरीतून काढून आणली, आता जॉइंट परत गळतोय. हातात फिरवून फिरवून बघितली. दाबली, सोडली. एवढंच असतं होय, म्हणाली. मग म्हणाली, ही तर चुंबळच.

मग माझ्याकडे पाठ करून केळी सोलत म्हणाली, की तिच्या ओळखीची एक बाई आहे. शेवटच्या मुलाच्या वाढदिवसाला लोंगर नेलं, त्या दिवसापासून तिचं असंच आहे. लाजून कोणाला बोलली नाही. कापड बांधते आणि दिवस काढते. वाकून कळ्या तोडवत नाहीत म्हणून डब्यावर बसते. अशा वयाला ही रिंग बसवतात का, विचारून ठेव म्हणाली.

ताई, आपल्या घरात शेवटचा मी आहे. आणि तो डबा मी किती वेळा लपवलाय.

मी फक्त विचारतो म्हटलं. मागून वहिनी आली, आईच्या हातातली सुरी घेतली आणि उरलेली केळी सोलायला बसली.

तू ये. वसईच्या डॉक्टरकडे तुला स्वतःला दाखवायचंय, सोबत चल, असं काहीतरी आईला सांग आणि तिला घेऊन जा. पण तुला मी लिहिलं हे तिला कळलं तर ती परत कधी कोणाबद्दल काही विचारणार नाय. तुझ्या पाया पडतो, तुझ्याकडे भावजींना नाय, दादाला नाय, काकीला तर मुळीच नाय. कोणाला म्हणजे कोणालाच सांगू नकोस.

अनुज