मागचं डावं चाक

प्रिय आप्पा,

सप्रेम जयभीम. 'सप्रेम' लिहिताना पेन अडखळलं, पण पत्राची सुरुवात कशी करायची ते तुम्हीच शिकवलंय, म्हणून लिहिलं. तुम्ही विहारात गेला आहात, यायला तासभर तरी लागेल. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय, म्हणजे डोळ्यांचं निमित्त करून पत्र अर्ध्यात सोडता येणार नाही. एका घरात राहून पत्र कसलं लिहितेय ही, असं वाटेल तुम्हाला. तोंडाने बोलायला गेले तर तुम्ही "जरा चा टाक की" म्हणाल, मी चहा टाकेन आणि विषय तिथेच मिटेल. आई गेल्यापासून आपल्या दोघांचं असंच चाललंय.

उद्या सोमवार. उद्यापासून माझी नवी नोकरी. गावोगावी फिरून अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करायची. त्यांनी दोनच अटी घातल्यात, नर्सकडे स्वतःची गाडी हवी आणि आठच्या ठोक्याला हजर हवं. मला आता दुसरी संधी मिळणार नाही, हे मी तुम्हाला दहा वेळा सांगितलंय. मंद्रूपच्या पलीकडची आरोग्य केंद्रातली नोकरी डिसेंबरात गेली ती उशिरामुळे, आणि उशीर व्हायचा तो आपल्या गाडीच्या मागच्या डाव्या, भिंतीकडच्या चाकामुळे. सगळ्या गल्लीला तोंडपाठ झालंय ते चाक.

त्याआधीची तीन वर्षं मात्र किती सुखाची होती! एसटीतून निवृत्त झालात तरी खाकी शर्ट सुटला नव्हता. मला केंद्रावर सोडून तुम्ही आवारातल्या लिंबाखाली गाडी लावायचात आणि दिवसभर तिथेच दरबार भरवायचात. बायका मला सिस्टर म्हणायला लागल्या त्याच्या कितीतरी आधी तुम्हाला 'डायवर आप्पा' म्हणायला लागल्या. मग जूनमध्ये डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, बाजूचं दिसत नाही तर गाडी बंद, म्हणाले. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला होटगी रस्त्याला नेलंत आणि शेजारी बसून महिनाभर शिकवलंत. पहिला धडा चाकाचा होता. "हवा बघितल्याबिगर गाडी हलवायची न्हाय. इंजनानं दगा दिला तर गाडी हुबी ऱ्हाती, चाकानं दगा दिला तर मानूस ऱ्हात न्हाय." हवा भरून झाली की बोटाला थुंकी लावून वॉल्व्हच्या तोंडावर टेकवायची, बुडबुडा आला तर गळतंय असं समजायचं, हेही तेव्हाच शिकवलंत. मी नाक मुरडलं तर हसून म्हणालात, "तुजं साबनपानी तुला, माजी थुंकी मला."

ऑगस्टात त्या चाकाची हवा उतरायला लागली. आदल्या संध्याकाळी मोजून तेहतीस पौंड भरावी आणि सकाळी डबा घेऊन बाहेर यावं तर चाक बसलेलं, आणि इतक्या सकाळी हवा भरायचं एकही दुकान उघडं नसायचं. मी हाक मारायची, "आप्पा, जरा बघता का?" तुम्ही गुडघ्यावर हात देऊन खाली बसायचात, टायरवर दोन थापा मारायचात आणि निकाल द्यायचात, "आज न्यायची न्हाय, यष्टीनं जा." माझा डबा हातात घेऊन स्टँडपर्यंत यायचात. जुने कंडक्टर तुम्हाला बघून हात करायचे, मला खिडकीची जागा मिळायची, तुम्ही खालून खिडकीवर थाप मारून बस सोडायचात. मी केंद्रावर पोचायची साडेदहाला. एकदा मेंढरं राखणारी केराबाई आठव्या महिन्यातल्या सुनेला चार मैल चालवत घेऊन आली होती. माझी वाट बघून ती तशीच परत गेली. पुढच्या वेळी म्हणाली, "तुज्यापायी उनात बसून ऱ्हायलो की गं माय." बाळबाळंतीण सुखरूप आहेत, नाहीतर हे पत्र मी लिहू शकले नसते. डॉक्टरांनी दोनदा तोंडी समज दिली, तिसऱ्यांदा लेखी, आणि डिसेंबरात नोकरी संपली.

मधल्या काळात विजापूर रोडच्या पंक्चरवाल्या रेवणप्पाने काय कमी केलं? चाक पाण्याच्या टाकीत बुडवून बघितलं, एक बुडबुडा आला नाही. वॉल्व्ह बदलला, रिम घासली, शेवटी टायर बदललं. "अक्का, चाक साबूत हाय," हे एकच पालुपद. नोव्हेंबरात माझा तोल सुटला. चार गिऱ्हाइकांदेखत मी त्या पंक्चरवाल्याला चोर म्हणाले. तुम्ही माझ्या मागे उभे होता. म्हणालात, "ह्या लोकांचं असंच असतंय बाय, खिळं बी ह्येच टाकत्यात रस्त्यावर."  रेवणप्पा माझ्याकडे बघत नव्हता, तुमच्याकडे बघत होता. मला तेव्हा ते कळलं नाही.

माझी सवय तुम्हाला माहीत आहे. पेशंटचा बीपी लिहावा तशी सप्टेंबरपासून मी कॅलेंडरच्या मागे रोज सकाळी हवा लिहीत होते. तेहतीस, तेहतीस, बावीस, तेहतीस, बावीस. कधी पंचवीस नाही, कधी अठरा नाही. तुम्ही आत्याकडे चार दिवस गेलात ते चारही दिवस तेहतीस. जानेवारीत मी घरी बसले तर अख्खा महिना तेहतीस. मी वेडी, म्हटलं चाकाला थंडी मानवली. आणि गेल्या आठवड्यात नव्या नोकरीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तर दोन्ही सकाळी बावीस. रिक्षाने गेले आणि वेळ गाठली.

शुक्रवारी परत आल्यावर तशीच गाडी हळूहळू रेवणप्पाकडे नेली. काळं तोंड घेऊन गेले म्हणा ना. त्याने टोपण काढलं आणि मला जवळ बोलावलं. वॉल्व्हच्या तोंडावर तपकिरी रंगाचं वाळलेलं कडं होतं, रोज हवा मोजताना मी ज्याला चिखल समजत आले तेच. त्याने एवढंच विचारलं, "अक्का, घरात तमाखू कोन खातंय?"

मी ते कडं नखाने खरवडून बघितलं. आपल्या घरात तंबाखू खाणारे तुम्ही एकटेच, आप्पा. मी आंघोळीला गेले की तुम्ही हवा सोडत होता, आणि सोडून झाल्यावर आणखी गळू नये म्हणून थुंकी लावून बघत होता. जन्माची सवय! चोरी करतानाही तुमच्यातला ड्रायव्हर जागा होता. नुसत्या कानाने मोजून बरोबर बावीसवर थांबत होता, म्हणजे चाक बसलेलं तर दिसावं, पण रिम खराब होऊ नये. चाकाची केवढी काळजी केलीत. पोरीची तेवढी केली असती तर?

का केलंत ते मला कळत नाही असं नाही. स्टिअरिंग सुटलं, लिंबाखालचा दरबार सुटला. चाक बसलं की तेवढी सकाळ मी पुन्हा तुम्हाला हाक मारत होते. पण आप्पा, तुम्ही नुसतं म्हणाला असता ना, "मला बी ने की संगं," तर मी रोज शेजारी बसवून नेलं असतं. कळलं म्हणून राग जात नाही. नोकरी संपली त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताने भाकरी थापलीत, शेंगाचटणी वाढलीत, डोक्यावरून हात फिरवून म्हणालात, "नशीब म्हनायचं, बाय." हवा सोडलीत ते एक वेळ विसरेन. तो डोक्यावरचा हात विसरता येत नाही. जगात डोळे मिटून विश्वास ठेवावा असं माझं एकच माणूस होतं, आणि त्यानेच मला फसवलं.

रेवणप्पाची माफी मी मागून आले. तुम्ही मागायची बाकी आहे.

आता पत्र लिहायचं खरं कारण. आज सकाळी चारही चाकांत तेहतीस भरून आणलीय. हवा मोजायचं मीटर या पत्रासोबत तुमच्या उशाशी ठेवतेय, मला ते आता नको. मी गाडीवर पाळत ठेवणार नाही, अंगणाला कुलूप घालणार नाही. उद्या रोजच्यासारखी आंघोळीला जाईन, डबा घेईन, आणि सात वाजता कोणत्याही चाकाकडे न बघता गाडीत बसेन आणि निघेन. चाकात तेहतीस असो, बावीस असो, त्यावरच हायवेला लागेन. हवा बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे तुमचंच शिकवणं आहे. उद्या मी बघणार नाही, आप्पा. उद्या तुम्ही बघा.

तुमचीच, अजूनही,
बुद्धप्रिया